टुरिझम वाढलं म्हणजे आपलं नक्की किती भलं झालं? हिशोब स्वतः कसा मांडायचा

तुमच्या भागात टुरिस्ट वाढलेत का? म्हणजे रस्त्यावर गाड्यांची रांग, दर दुसऱ्या घरावर 'रूम भाड्याने मिळेल' अशी पाटी, आणि कोणीतरी माईकवर सांगतंय की यंदा एवढे लाख पर्यटक आले. आणि त्याच वेळी शेजारच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंना तीन महिने झाले राहायला खोली मिळत नाहीये. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. मग टुरिझम चांगलं की वाईट यावर लोक तासन्‌तास भांडतात आणि कोणाच्याच हातात आकडा नसतो. मला हे भांडण बघवत नाही, कारण आकडा काढता येतो आणि त्याला अर्थशास्त्राची डिग्री लागत नाही. एक वही, चार-पाच भरवशाची माणसं आणि वर्षातले दोन आठवडे पुरतात.

माणसं किती आली हे मोजून फारसं काही कळत नाही हे आधीच सांगून टाकतो. पैसा मागे किती राहिला आणि कोणाच्या हातात राहिला ते मोजायचं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी जो आकडा सांगतात तो उलटापालटा करून बघा

'पर्यटक' या शब्दाची एक ठरलेली व्याख्या आहे, संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत तीच वापरतात. आपल्या नेहमीच्या वावराच्या बाहेर, एक वर्षापेक्षा कमी काळासाठी आलेला आणि तिथल्या कोणाकडे नोकरी करायला न आलेला तो पाहुणा, आणि त्यातला जो रात्री मुक्काम करतो तोच टुरिस्ट, सकाळी येऊन संध्याकाळी परत गेला तो नुसता दिवसभराचा पाहुणा. म्हणजे मीटिंगला आलेला, नातेवाइकांकडे राहायला आलेला, उपचारासाठी आलेला, हे सगळे सुद्धा यात येतात. आणि आकडा माणसांचा नसतो तर फेऱ्यांचा असतो, एकच माणूस वर्षात तीनदा आला तर तो तीन म्हणून धरला जातो. त्यामुळे 'दहा लाख पर्यटक' असं कोणी म्हटलं की लगेच तीन प्रश्न विचारायचे: यात मुक्काम करणारे किती, हे मोजले कुठे (गेटवर, हॉटेलच्या रजिस्टरमध्ये की नुसता अंदाज), आणि एकच माणूस दोनदा मोजला गेलाय का. दोन ठिकाणची तिकिटं काढली म्हणून तो दोनदा मोजला गेला असं सर्रास होतं.

जगाचा आकडा पण माहीत असावा म्हणून सांगतो. १९५० मध्ये दुसऱ्या देशात जाऊन मुक्काम करण्याच्या फेऱ्या सगळ्या जगात मिळून साधारण अडीच कोटी होत्या. २०१२ मध्ये हा आकडा पहिल्यांदा १०० कोटींच्या वर गेला, २०१९ मध्ये १४६ कोटींच्या आसपास, २०२० मध्ये कोरोनाने तो जेमतेम ४० कोटींवर आणला आणि २०२४ मध्ये परत १४० कोटींच्या घरात पोचला. देशातल्या देशात फिरणारे यात धरलेलेच नाहीत, ते याच्या कितीतरी पट जास्त आहेत. ही वाढ का झाली तर पगारी सुट्टी मिळायला लागली, जेट विमानं आली, मग स्वस्त विमान कंपन्या, मग मोबाईलवर बुकिंग आणि फोटो. या सगळ्यात गावाने स्वतः काही केलेलं असतंच असं नाही हे लक्षात घ्या, बऱ्याचदा लाट बाहेरून येते आणि बाहेरच्याच कारणाने ओसरते.

आणखी एक वाक्य सारखं कानावर पडतं, की जगाच्या उत्पन्नात टुरिझमचा वाटा १० टक्के आणि दर दहातली एक नोकरी टुरिझममधली. २०१९ साठी हा आकडा बरोबर आहे, पण त्यात थेट टुरिस्टने दिलेला पैसा, त्यावर चालणाऱ्या पुरवठादारांचा पैसा आणि या सगळ्यांचे कामगार घरखर्चाला जो पैसा वापरतात तो, असं तिन्ही मिळून धरलंय. नुसता थेट हिस्सा बघितला तर तो साधारण याच्या एक तृतीयांश निघतो. म्हणून कोणीही टक्केवारी फेकली की विचारा, थेट की एकूण? या एका प्रश्नाने अर्धी चर्चा जाग्यावर येते.

डोकी नाही, मुक्कामाच्या रात्री मोजा

आता कामाला लागू. सीझनमधला एक आठवडा निवडा आणि ऑफ सीझनमधला एक. सलग सात दिवस घ्या, नुसता शनिवार-रविवार घेतला तर सगळाच हिशोब फुगतो. बस थांबते तिथे, पार्किंगला आणि मुख्य बघायच्या ठिकाणी माणसं उभी करा, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, आणि दर दहाव्या माणसाला विचारा. दर दहाव्यालाच, मनाला येईल त्याला नाही, कारण आपण नकळत हसऱ्या चेहऱ्याच्या, निवांत दिसणाऱ्या लोकांनाच थांबवतो आणि तेच लोक जास्त दिवस राहणारे असतात, मी पहिल्यांदा मोजायला बसलो तेव्हा पहिला दिवस असाच वाया गेला होता.

प्रश्न चारच ठेवा. किती रात्री राहणार, किती जण आहात, राहण्याचं बुकिंग कसं केलं आणि काल दिवसभरात पैसे कुठे कुठे खर्च केले. 'ट्रिपला एकूण किती खर्च आला' असं कधीच विचारू नका. कोणाला आठवत नाही, लोक गोल आकडा सांगून मोकळे होतात. काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत म्हटलं की माणूस बोटांवर मोजायला लागतो, आधी रिक्षा, मग तिकीट, मग अरे हो, मुलाला टोपी घेतली, आणि ती टोपीच महत्त्वाची असते, कारण असा सुटा खर्च कुठल्याच रजिस्टरमध्ये सापडत नाही.

मग माणसं गुणिले सरासरी मुक्काम, म्हणजे एकूण रात्री. दिवसभरासाठी आलेले हजार लोक आणि तीन रात्री राहणारे दोनशे लोक, यात आकडा कुठला मोठा दिसतो ते उघड आहे, पण गल्ल्यात काय पडलं ते बघितलं तर बहुतेक ठिकाणी दोनशेवाले जिंकतात, आणि रस्ता, कचरा, संडास यांच्यावरचा ताण बघितला तर हजारवाले भारी पडतात. व्हेनिसने हेच ओळखून २५ एप्रिल २०२४ पासून फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना ठरावीक दिवशी ५ युरो प्रवेश शुल्क लावलं, पहिल्या वर्षी २९ दिवस, २०२५ मध्ये ५४ दिवस आणि ऐनवेळी बुकिंग करणाऱ्याला १० युरो. शहरात मुक्काम करणाऱ्याला ते भरावं लागत नाही, तो राहण्याच्या बिलातून कर देतोच. गर्दी याने किती कमी झाली यावर वाद आहेत, पण दोन प्रकारचे पाहुणे वेगळे धरायचे हा मुद्दा एकदम बरोबर आहे.

शंभर रुपयांच्या मागे मागे जा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, इथे घाई करू नका. एक राहण्याचं ठिकाण निवडा ज्याचा मालक तुमच्याशी मोकळेपणाने बोलेल आणि त्याच्यासोबत बसून एका महिन्याचे खर्च लिहून काढा. त्याला आधीच सांगा की नफा विचारायला आलो नाही, पैसा कुठे जातो ते बघायचंय. मग पाहुण्याने दिलेले शंभर रुपये धरायचे (चलन कुठलंही असो, शंभर ही नुसती मोजायची सोय) आणि एकेक ओळ लिहायची. समजायला एक उदाहरण मी धरून चालतो, तुमचे आकडे वेगळे येतील.

शंभरातले १५ बुकिंग अ‍ॅपचं कमिशन, ते गावात आलेच नाहीत. १५ कर्जाचा हप्ता, बँक बाहेरची. १० वीज आणि इंटरनेट. ७ साबण, गाद्या, बल्ब, पाण्याच्या बाटल्या, हे सगळं मोठ्या शहरातल्या ठोक व्यापाऱ्याकडून. ८ चादरी-टॉवेल धुवायला, आणि ते धुतं कोण तर चाळीस किलोमीटरवरून येणारी गाडी, रोज सकाळी पोती भरून नेते आणि दुसऱ्या दिवशी आणून टाकते. २० पगार, पण तिघांपैकी एक जण बाहेरगावचा आहे, तो पैसे घरी पाठवतो, म्हणून यातले गावात राहणारे धरा १४. आणि उरलेले २५ मालकाचे. मालक इथेच राहतो, त्याची पोरं इथल्याच शाळेत जातात, म्हणून ते २५ सध्या गावात धरू.

म्हणजे शंभरातले गावात राहिले ३९. मालक दुसऱ्या शहरात राहून फक्त फोनवर धंदा बघणारा असेल तर १४. सारखीच इमारत, सारखेच पाहुणे, सारख्याच चादरी, आणि फरक जवळजवळ तिप्पट.

बाहेर जाणाऱ्या या पैशाला गळती म्हणतात. गळतीला वाईट समजू नका, बल्ब गावात बनत नाही तर तो बाहेरूनच येणार, वीज पण बाहेरूनच येणार. पण प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा, ही गळती थांबवता येण्यासारखी आहे का? वरच्या उदाहरणात दोन ओळी आहेत. धुलाई: गावातल्या चार-पाच बायकांनी मिळून दोन मोठी मशीनं घेतली आणि पाण्याची सोय झाली तर ते ८ गावात. कमिशन: परत येणारा पाहुणा आणि त्याच्या ओळखीने येणारा पाहुणा थेट फोन करून बुकिंग करायला लागला तर त्या बुकिंगचे १५ गावात. दोन्ही जमलं तर थेट आलेल्या पाहुण्याच्या शंभरातले ३९ चे ६२ होतात. एकही टुरिस्ट न वाढवता, एकही नवी खोली न बांधता. मला वाटतं या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे आणि ती सगळ्यात कमी बोलली जाते, सगळा जोर जाहिरातीवर आणि अजून लोक आणण्यावर असतो.

मालदीवचं उदाहरण इथे आठवतं. तिथे पहिलं रिसॉर्ट १९७२ मध्ये सुरू झालं आणि पुढे बरीच वर्षं पद्धत अशी होती की रिसॉर्ट निर्जन बेटांवर, म्हणजे एक बेट एक रिसॉर्ट, आणि लोकवस्ती वेगळ्या बेटांवर. देशाला परकीय चलन भरपूर मिळालं, पण वस्तीच्या बेटावरच्या माणसाला पाहुणा क्वचितच दिसायचा, नोकरी करायची तर घर सोडून रिसॉर्टच्या बेटावर जाऊन राहायचं. २००९ नंतर नियम बदलले, वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊसला परवानगी मिळाली आणि माफुशीसारख्या बेटांवर स्थानिक लोकांनी स्वतःची छोटी गेस्टहाऊस काढली. समुद्र तोच आणि पाणीही तेवढंच निळं, पण नियम एक बदलला आणि पैशाची वाट बदलली.

आता त्या ३९ चं पुढे काय होतं ते बघा. ज्याला पगार मिळाला तो गावातल्या सुताराकडून खाट करून घेतो, सुतार शिकवणीच्या मास्तरांना फी देतो, असे फेरे चालू राहतात आणि दर फेऱ्यात थोडा पैसा बाहेर गळतो. समजायला सोपं जावं म्हणून धरू की दर फेऱ्यात तेवढाच हिस्सा गावात राहतो. तर ३९, मग त्याचे ३९ टक्के म्हणजे १५, मग ६, असं करत सगळं मिळून ६४ रुपयांची उलाढाल. हिस्सा ६२ असेल तर ६२, मग ३८, मग २४ असं करत १६३. आणि मालक बाहेरचा, हिस्सा १४, तर सगळं मिळून १६. सूत्र हवं असेल तर राहणारा हिस्सा भागिले शंभरातून तो हिस्सा वजा करून उरलेली संख्या, आणि त्याला गुणिले शंभर. यालाच गुणक परिणाम म्हणतात. फक्त एक काळजी घ्या, ही उलाढाल आहे, उत्पन्न नाही, तेच पैसे फिरताना पुन्हापुन्हा मोजले जातात, त्यामुळे 'गावाचं उत्पन्न १६३ ने वाढलं' असं कुठेही लिहू नका, कोणीतरी जाणकार उभा राहील आणि तुमचा सगळाच हिशोब खोटा ठरवेल.

एका ठिकाणावर थांबू नका, पाच-सहा तरी करा, मोठं हॉटेल, छोटं घर, गाईड, गाडीवाला, दुकान. गाईडचा हिशोब बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. त्याला मिळालेल्या शंभरातले बरेचसे गावातच राहतात कारण त्याचं भांडवल म्हणजे त्याचे पाय आणि त्याची माहिती, बाहेरून आणावं लागतं असं काहीच नाही.

नोकऱ्या महिन्यांत मोजा

'टुरिझममुळे वीस जणांना रोजगार' असं वाचलं की विचारा, किती महिने? वीस जण चार महिने म्हणजे ८० महिने, वर्षभराच्या नोकऱ्यांत मोजले तर सातसुद्धा होत नाहीत. कामगारांना सरळ विचारा की गेल्या बारा महिन्यांत पगार किती महिने हातात आला, आणि उरलेले महिने घर कसं चाललं. त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहून घ्या, कोणी उधारीवर काढतो, कोणी शेतात जातो, कोणी शहरात मजुरीला. शेताची जोड असेल तर चार महिन्यांचं काम ही मोठी मदत असते आणि जोड नसेल तर तेच काम माणसाला दर वर्षी कर्जात टाकतं.

सीझन किती टोकाचा आहे हे बघायला सगळ्यात गर्दीच्या महिन्यातल्या रात्री भागिले सरासरी महिन्यातल्या रात्री एवढंच करा. उत्तर एकच्या जवळ असेल तर वर्षभर धंदा आहे. तीनच्या वर गेलं तर समजा की खोल्या, पाईपलाईन, पार्किंग हे सगळं दोन-तीन महिन्यांसाठी बांधलंय आणि बाकी वर्ष त्याचा हप्ता भरायचाय.

रात्री फिरून दिव्यांच्या खिडक्या मोजा

भाड्याच्या घरांचा प्रश्न आकड्यात पकडायला अवघड असतो, कारण कोण कायमचं राहतं आणि कुठलं घर टुरिस्टला देतात याची धड नोंद बहुतेक ठिकाणी नसते. यावर मला सापडलेला साधा उपाय म्हणजे ऑफ सीझनमध्ये, आठवड्याच्या मधल्या वारी, रात्री नऊच्या सुमाराला जुन्या वस्तीतून चालत जायचं आणि दिवा लागलेली घरं मोजायची. एक जण उजवी बाजू, एक जण डावी. तीन वेगळ्या रात्री करा म्हणजे कोणी लग्नाला गेलं असेल तर ते भरून निघतं. तिन्ही रात्री अंधार असलेलं घर बहुतेक एक तर रिकामं असतं नाही तर पाहुण्यांसाठी राखलेलं. पहिल्यांदा केलं तेव्हा एका गल्लीत आम्हाला बावीस दारांमागे सहा दिवे मिळाले होते, आणि सोबत आलेले आजोबा प्रत्येक अंधाऱ्या दारापाशी थांबून इथे कोण राहायचं त्याची नावं सांगत होते. त्या रात्रीनंतर कोणी या प्रश्नाला 'किरकोळ' म्हटलं की मला राग येतो.

व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ मध्ये साधारण पावणेदोन लाख लोक राहायचे, २०२२ मध्ये हा आकडा ५० हजारांच्या खाली गेला. तिथे रिआल्टो पुलाजवळ एका औषधाच्या दुकानाच्या काचेत २००८ पासून एक पाटी आहे, शहरात आता किती रहिवासी उरले ते त्यावर दिसतं. २०२३ पर्यंत टुरिस्टसाठीच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या. बार्सिलोनाने २०२४ मध्ये जाहीर केलं की टुरिस्टला भाड्याने द्यायच्या १०,१०१ घरांची लायसन्स नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवणार.

पण घरमालकाला शिव्या देऊन काही होत नाही, त्याचा हिशोब समजून घ्या. महिन्याचं भाडं भागिले एका रात्रीचे हातात उरणारे पैसे (कमिशन, धुलाई, वीज वजा करून), येणारं उत्तर म्हणजे किती रात्री खोली गेली की भाडेकरूइतके पैसे सुटतात. भाडं ३० आणि रात्रीचे ५ उरत असतील तर सहा रात्री. महिन्याला सहाच रात्री पुरत असतील तर तो भाडेकरू का ठेवेल? आणि हाच आकडा अठरा-वीस आला तर समजा अजून धोका नाही. हा एक आकडा दर वर्षी काढून ठेवा, भाडी वाढायच्या आधीच तो खाली यायला लागतो. आणि प्रामाणिकपणे हेही लिहा की भाडी नुसती टुरिझममुळे वाढत नाहीत, नवीन घरं कमी बांधली जाणं, कर्जाचं व्याज, नोकरीसाठी आलेले लोक, ही पण कारणं असतात, शेजारच्या टुरिझम नसलेल्या गावाची भाडी सोबत ठेवली की फरक दिसतो.

सामाईक खर्च कोण भरतं

पाणी, कचरा, सांडपाणी, रस्ता. यातलं गणित सोपं आहे, रहिवासी अधिक त्या दिवसाचे पाहुणे म्हणजे त्या दिवसाची खरी लोकसंख्या, आणि टाकी किंवा गटार किती लोकांसाठी बांधलंय ते विचारून शेजारी लिहायचं. फिलिपिन्समधलं बोराकाय बेट २६ एप्रिल २०१८ ला सहा महिन्यांसाठी चक्क बंद करावं लागलं कारण सांडपाणी थेट समुद्रात जात होतं, आणि उघडताना एका वेळी बेटावर साधारण १९ हजार टुरिस्टच राहतील अशी मर्यादा घातली. सहा महिने बेट बंद म्हणजे होडीवाल्याचे, सफाईवाल्याचे सहा महिने गेले, ते पूर्णपणे कोणी भरून देत नाही.

टुरिस्टकडून कर घेत असतील तर तो कुठल्या खात्यात जमा होतो ते शोधा. अ‍ॅमस्टरडॅम २०२४ पासून राहण्याच्या बिलावर १२.५ टक्के घेतं. भूतानने २०२२ मध्ये भारतीय सोडून बाकी परदेशी पाहुण्यांसाठी रात्रीमागे २०० डॉलर शुल्क केलं, पुढच्या वर्षी ते १०० वर आणलं. आकडा कितीही असो, तो पैसा त्याच जागेच्या पाण्याला आणि कचऱ्याला परत येतो का एवढं विचारायचं आणि उत्तर लेखी मागायचं.

सगळं एकाच टोपलीत आहे का

शेवटची चाचणी कागदावर करायची. सहा महिने एकही पाहुणा आला नाही असं धरा आणि ज्यांचे खर्च लिहिलेत त्या प्रत्येकासमोर लिहा, हा किती महिने तग धरेल. २०२० मध्ये मालदीवचं उत्पन्न साधारण एक तृतीयांशाने आणि मकाऊचं अर्ध्याहून जास्त घसरलं, तेवढं मोठं संकट परत येईलच असं नाही पण छोटी येत राहतात. आइसलंडमध्ये २०१० ला साधारण पाच लाख परदेशी पाहुणे यायचे, २०१८ मध्ये २३ लाख, टुरिझमने परकीय चलनात मासेमारीलाही मागे टाकलं आणि २००८ च्या बँक संकटातून देश बाहेर यायला त्याची खरंच मोठी मदत झाली, हे नाकारता येणार नाही. पण मार्च २०१९ मध्ये एक विमान कंपनी बंद पडली आणि त्या वर्षी पाहुणे तीन लाखांनी कमी झाले. मुख्यतः एकाच कंपनीमुळे. म्हणून वहीत एक रकाना ठेवा, आपले पाहुणे कुठून येतात आणि कुठल्या एका रस्त्याने, अ‍ॅपने किंवा एजंटने निम्म्याहून जास्त येतात का.

एवढं झालं की सगळं एका कागदावर उतरवा, दोन बाजू नकोत, एकच. एकूण रात्री, शंभरातले राहणारे, वर्षभराच्या नोकऱ्या किती, दिव्याच्या खिडक्या, घरमालकाच्या रात्री, आणि सहा महिन्यांच्या चाचणीत किती जण तरतात. हा कागद घेऊन बैठकीला जा आणि 'टुरिझम हवं की नको' या प्रश्नावर कोणाला येऊच देऊ नका, त्याऐवजी एक ओळ उचला, उदाहरणार्थ धुलाई, आणि विचारा की हे ८ इथे ठेवायला काय लागेल. मशीनचे पैसे, जागा, पाणी, कोण चालवणार. एका बैठकीत एकच ओळ. मोठमोठ्या योजनांवर चर्चा करून लोक दमतात आणि घरी जातात, धुलाईवर बोलायला लागलं की ज्या बायका कधी बोलत नाहीत त्या बोलतात कारण ते काम त्यांना कळतं.

सहा महिन्यांनी त्याच मालकाकडे जाऊन तीच ओळ परत लिहायची. आणि पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात, त्याच गल्लीत, रात्री नऊला, खिडक्या परत मोजायच्या, जमलं तर त्याच माणसांना सोबत घेऊन.